जयंतीच्या पोस्टखाली ‘रिझल्ट कधी?’

मुंबईच्या हार्बर लाइनवरचं सीबीडी बेलापूर स्टेशन ठाणे जिल्ह्यात आहे आणि त्याच्या पुढचं खारघर रायगड जिल्ह्यात. एरवी ही हद्द कुणाच्या खिजगणतीतही नसते. जुलैमधल्या एखाद्या पहाटे मात्र सगळं तिच्यावरच अडतं. रात्रभर पाऊस कोसळलेला, हवामान खात्याचा रेड अलर्ट, आणि नेरुळला राहणारी, नवीन पनवेलच्या कॉलेजात शिकणारी, त्या दिवशी मुंबई विद्यापीठाचा पेपर असलेली मुलगी फोन घेऊन बसलेली. तिच्या घराला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम लागू, कॉलेजला रायगडच्यांचा. पेपर होणार की पुढे जाणार हे ठरवणारे तिसरेच, ते कालिन्याच्या परीक्षा भवनात.

पहाटे साडेपाचपासून तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक गोष्ट येऊ लागते. ‘सर्व शाळा-महाविद्यालयांना सुट्टी’ असं वृत्तवाहिनीच्या लाल पट्टीचं चित्र, ज्यातून जिल्ह्याचं नाव नेमकं कापलं गेलंय. मागच्या वर्षीचा आदेश, तारीख दिसणार नाही असा. मुंबई महापालिकेचा संदेश, ज्याचा पनवेलशी काडीचा संबंध नाही. त्यामागोमाग ‘कन्फर्म आहे का?’ची रांग. कुणीतरी हसण्याची तीन पिवळी तोंडं टाकतं, कुणीतरी ‘अफवा पसरवू नका’ म्हणून दरडावतं. सात-साडेसातला प्राचार्यांच्या सहीच्या पत्राचा तिरका काढलेला फोटो येतो. तोवर कर्जतहून, पेणहून निघालेली पोरं अर्ध्या वाटेवर असतात.

विद्यापीठं समाजमाध्यमांवरून विद्यार्थ्यांशी कशी जोडून घेतात, हा विषय डोक्यात घेऊन पनवेलच्या कॉलेजांभोवती फिरताना माझं लक्ष आधी इन्स्टाग्रामच्या पानांकडे गेलं. तिथे सगळं झकास असतं. पण विद्यार्थ्याला कॉलेजची जी खरी गरज असते, ती या पहाटेच्या दोन तासांसारख्या वेळी असते. आणि तेव्हा ती झकास पानं बहुधा झोपलेली असतात.

अशा दोन तासांची किंमत काय असते? अमेरिकेत 16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातला, आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर लगेचच हल्लेखोराने दुसऱ्या इमारतीत हत्याकांड केलं. त्या दोन तासांची किंमत मोजल्यावर तिथल्या विद्यापीठांनी मोबाइलवर थेट इशारा पाठवायच्या यंत्रणा उभ्या केल्या. आपल्याकडचा धडा 26 जुलै 2005 चा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या, अनेक पोरांनी रात्र गाडीत काढली. त्यातून आपण काय उभं केलं, तर व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर ग्रुप काढला.

पनवेल या विषयासाठी मुद्दाम निवडावं असं गाव आहे, कारण उच्च शिक्षणाच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा इथे एकाच टापूत सापडतात. रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतलं. खांदा कॉलनीत जनार्दन भगत शिक्षण प्रसारक संस्थेचं चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, ज्याला सगळे ‘सीकेटी’ म्हणतात आणि जे आता स्वायत्त आहे. नवीन पनवेलच्या सेक्टर 16 मध्ये महात्मा एज्युकेशन सोसायटीचं पिल्लई आहे, जवळच अंजुमन-ए-इस्लामचा काळसेकर तंत्रशिक्षण परिसर आहे. कामोठ्यात एमजीएम हे अभिमत विद्यापीठ. खारघरात केंद्र सरकारची निफ्ट. आणि द्रुतगती मार्गालगत भाताणला अ‍ॅमिटी, 2014 मध्ये कायद्याने स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ.

यांपैकी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना विद्यार्थ्याशी थेट बोलता येतं. प्रवेश त्यांचा, परीक्षा त्यांची, निकालही त्यांचाच. मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांची गोष्ट निराळी. 1857 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पंखाखाली मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सात जिल्हे आणि आठशेहून अधिक महाविद्यालयं आहेत. एवढ्या पसाऱ्यात विद्यापीठ म्हणजे पोरांच्या दृष्टीने हॉल तिकिटावरचा शिक्का. त्याचा चेहरा म्हणजे कॉलेजचं ऑफिस, ऑफिसचा चेहरा म्हणजे खिडकीतले क्लार्क, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता म्हणजे सीआर.

सीआर, म्हणजे क्लास रिप्रेझेंटेटिव्ह. या माणसावर कुणी लेख लिहीत नाही, म्हणून थोडं थांबतो. विद्यापीठाचं परिपत्रक संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात येतं. ते कॉलेजच्या ईमेलवर पडतं, तिथून प्राध्यापकांच्या ग्रुपवर, तिथून विभागप्रमुख ते सीआरला पाठवतात आणि सीआर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. चार पानांचं परिपत्रक कुणी उघडत नाही हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो खाली आपल्या भाषेत सार देतो: ‘एक्झाम फॉर्म शुक्रवारपर्यंत. नंतर लेट फी. केटीवाल्यांची लिंक वेगळी आहे. ऑफिस दीडला बंद होतं, त्याआधी या.’ विद्यापीठाच्या सगळ्या प्रसिद्धी विभागाला न जमलेलं काम हे एकोणीस वर्षांचं पोर फुकट करतं. ‘एटीकेटी’चे नियम, रिव्हॅलची म्हणजे पुनर्मूल्यांकनाची मुदत, फोटोकॉपीचा अर्ज, एबीसी आयडी कसा काढायचा, राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती मंजूर झाली की ‘रिडीम’चं बटण दाबायचं विसरू नका, हे सगळं सांगणारा तोच. हे बटण दाबायचं राहिल्याने पैसे अडकलेली मुलं दरवर्षी असतात. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधून येणाऱ्या ठाकूर-कातकरी मुलामुलींच्या बाबतीत तर शिष्यवृत्तीचा एक मेसेज वेळेवर दिसणं न दिसणं म्हणजे वर्ष राहणं किंवा जाणं. वाडीत रेंज नसते. मेसेज तीन दिवसांनी एकदम खाली सरकत येतात, त्यात मुदत उलटून गेलेली असते.

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना ठरावीक प्रवर्गांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. रील्समधून ती बातमी ‘मुलींना सगळं शिक्षण फ्री’ अशी पसरली. मग बीए-बीकॉमच्या मुली ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायला लागल्या की आमचे पैसे परत कधी. कुठल्या अभ्यासक्रमाला माफी, कुठल्या प्रवर्गाला, कागद कोणते, हे सोप्या मराठीत सांगणारं एक पान त्या आठवड्यात कॉलेजच्या अकाउंटवर आलं असतं तर खिडकीवरची निम्मी कटकट वाचली असती.

वर्गाच्या या ग्रुपांचा इतिहासही मजेशीर आहे. आधी ऑर्कुट होतं. मुंबईतल्या अनेक कॉलेजांची तिथे कम्युनिटी असे, आणि ती कॉलेजने नव्हे तर पोरांनीच काढलेली असे. फेसबुकचा तर जन्मच 2004 मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहातला, म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेली गोष्ट. विद्यापीठं तिथे नंतर पोचली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात पूर्वी शंभरच माणसं मावत. 2016 मध्ये मर्यादा 256 झाली, 2022 मध्ये आधी 512 आणि वर्षअखेर 1024. शंभरच्या काळात एका तुकडीचे दोन ग्रुप करावे लागत आणि दुसऱ्या ग्रुपवर मेसेज टाकायचं हमखास राहून जाई. 1024 झाल्यावर अख्खं कॉलेज एका ग्रुपात बसवायचा मोह झाला. पण माझ्या मते खरा बदल झाला 2018 च्या मध्यात, ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात’ ही सोय आली तेव्हा. त्याआधी ग्रुप म्हणजे गोंधळ होता, पण त्यात प्रश्न विचारता येत होता. ते बटण दाबलं आणि कॉरिडॉरमधला काचेचा नोटीस बोर्ड, कुलपासकट, पोरांच्या खिशात जाऊन बसला.

शिक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री अकराला ‘मॅम, उद्या लेक्चर आहे का?’ आणि सकाळी सहाला ‘सर, इंटर्नलचे मार्क?’ असं दोनशे मुलांचं एका माणसाशी नातं कुणाला झेपेल? त्यात ग्रुपवर एखाद्याने काही भलतंसलतं टाकलं तर जबाबदारी अ‍ॅडमिनची, ही भीती. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. तो निकाल स्टाफरूमपर्यंत फारसा पोचलेला दिसत नाही. ग्रुप बंद ठेवणंच सगळ्यांना सुरक्षित वाटतं.

आता इन्स्टाग्रामच्या त्या पानांकडे वळू. कुठल्याही सरकारमान्य, अनुदानित कॉलेजचं पान उघडा. जयंत्या, पुण्यतिथ्या, योग दिन, मतदार दिन, स्वच्छता पंधरवडा, वृक्षारोपण, पाहुण्यांचं स्वागत, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांसोबत फोटो. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात नकाशाचा एक चौकोनी तुकडा: पनवेल, महाराष्ट्र, भारत, अक्षांश 18.99, रेखांश 73.11, तारीख, वेळ. हे जिओटॅग पाहून आधी वाटतं, पोरांना आपलं कॉलेज कुठे आहे ते माहीत नाही की काय. पण ते पोरांसाठी नसतंच. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात उपक्रमांचा पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो जोडावे लागतात. तोच फोटो अहवालात जातो, तोच इन्स्टाग्रामवर. म्हणून त्यात मुलं मागे रांगेत आणि बॅनर पुढे. बॅनर वाचता आला पाहिजे, ही मुख्य अट.

या पोस्टांचा वाचक वर बसलेला आहे, हे एकदा लक्षात आलं की सगळ्याचा उलगडा होतो. 3 जुलै 2019 ला केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या उच्च शिक्षण सचिवांनी देशभरच्या उच्च शिक्षण संस्थांना पत्र लिहिलं. प्रत्येक संस्थेने एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमावा, फेसबुक, ट्विटर आणि इन्स्टाग्रामवर खाती काढावीत, ती मंत्रालयाच्या आणि इतर संस्थांच्या खात्यांशी जोडावीत, सर्व विद्यार्थ्यांची खातीही जोडून घ्यावीत, आणि आठवड्याला निदान एक चांगली गोष्ट प्रसिद्ध करावी. विद्यार्थ्यांवर पाळत ठेवायचा हा डाव आहे, अशी ओरड झाल्यावर मंत्रालयाने विद्यार्थ्यांसाठी हे ऐच्छिक असल्याचा खुलासा केला. डिसेंबर 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कॅम्पसवर ‘सेल्फी पॉइंट’ उभारायला सांगितलं, देशाच्या प्रगतीची माहिती देणारे. विद्यार्थ्यांनी तिथे सेल्फी काढून समाजमाध्यमांवर टाकावेत, ही अपेक्षा. त्याआधी 2022 पासून दर ऑगस्टला ‘हर घर तिरंगा’चे सेल्फी आहेतच, ते किती मुलांनी टाकले याचा आकडा वर कळवायचा असतो. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण याला विद्यार्थ्यांशी संवाद म्हणायचं तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. इथे विद्यार्थी हा पुराव्याचा भाग असतो.

आणि तरी पोरं उत्तर देतात. सावित्रीबाईंच्या जयंतीच्या पोस्टखाली ‘रिझल्ट कधी?’, योग दिनाच्या पोस्टखाली ‘सर, सेम फोरचा रिझल्ट?’, कुलगुरूंच्या सत्काराखाली ‘रिव्हॅलचं काय झालं?’. यात महापुरुषांचा अवमान करायचा हेतू नसतो. दुसरी जागाच नसते. जिथे फळा दिसला तिथे लिहिलं.

मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ही सवय 2017 ने लावली. त्या उन्हाळ्यात कुलगुरू संजय देशमुख यांनी सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायचा निर्णय घेतला. सतरा लाखांच्या घरातल्या उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. तयारी अपुरी, प्रशिक्षण घाईचं, यंत्रणा कोलमडत गेली. राज्यपाल आणि कुलपती विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, कित्येकांचे परदेशातले आणि परराज्यातले प्रवेश गेले, काहींच्या हातातली नोकरी गेली. 24 ऑक्टोबरला देशमुखांना पदावरून दूर केलं गेलं. विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरूंना असं काढण्याची नामुष्की पहिलीच. त्या चार महिन्यांत कालिन्याला खेटे घालणं पनवेल-उरणच्या मुलांना परवडणारं नव्हतं. एक अख्खा दिवस, प्रवासाचा खर्च, आणि खिडकीवर ‘वेबसाइट बघा’ हे उत्तर. ते ट्विटरवर आले. विद्यापीठाला, मंत्र्याला, राज्यपालांना, वर्तमानपत्रांना टॅग करायला शिकले. वार्ताहरांनाही बातम्या तिथूनच मिळू लागल्या.

दुसरा धडा 2020 चा, करोनाच्या साथीतला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत यावर राज्य सरकार आणि अनुदान आयोग यांची जुंपली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल आला. त्या महिन्यांत तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत फेसबुक लाइव्हवर येऊन परीक्षांबद्दल बोलत. लाखो मुलं, त्यांचे आईवडील, क्लासवाले सगळे ते बघत. कमेंटचा पूर वाहत असे. विद्यापीठाचं परिपत्रक यायच्या आधी मंत्र्याचं लाइव्ह यायचं, आणि प्राचार्यांनाही ते तिथेच कळायचं. विद्यार्थ्यांनी यातून घेतलेला निष्कर्ष व्यवहाराचा होता: कॉलेजला विचारून उपयोग नाही, मंत्र्याला टॅग करा. मधल्या सगळ्या पायऱ्या तेव्हापासून ज्या निसरड्या झाल्या त्या झाल्याच.

खासगी संस्थांची तऱ्हा वेगळी, आणि एका अर्थी जास्त प्रामाणिक. त्यांना विद्यार्थी हवा असतो आणि त्या ते लपवत नाहीत. मार्चपासून जुलैपर्यंत पनवेल-खारघर पट्ट्यात राहणाऱ्या बारावीच्या मुलाच्या फोनवर जाहिरातींचा मारा असतो. ड्रोनने टिपलेलं हिरवंगार कॅम्पस, लायब्ररीत हसणारी चार मुलं, प्लेसमेंटचा मोठ्या टायपातला आकडा. एकदा फॉर्ममध्ये नंबर भरला की समुपदेशक म्हणवणाऱ्यांचे फोन सुरू, आणि या ‘समुपदेशना’चा शेवट कुठल्या रकमेवर होतो ते घरातल्या मोठ्यांना लगेच कळतं. मात्र याच संस्थांच्या मेसेजला उत्तर तासाभरात येतं, हेही खरं. प्रवेश झाल्यावर ते तितक्याच वेगाने येतं का, हे त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं.

फेस्टिव्हलांची पानं मात्र मनापासून पाहावीत अशी असतात. पिल्लईचा ‘अलेग्रिया’ पनवेल परिसरात नुसता कॉलेजचा कार्यक्रम राहिलेला नाही, गावाचा झालाय. कोण कलाकार येणार याची उत्सुकता महिनाभर आधीपासून ताणली जाते, ती विद्यार्थीच ताणतात. कॅमेरा, कॅप्शन, पोस्टर, प्रायोजक, सगळं पोरांच्या हातात. तिथली भाषा बघा: मराठी, हिंदी, इंग्रजी एकमेकांत मिसळलेली, आगरी बोलीतले टोमणे, खांदा कॉलनीतल्या चहाच्या टपरीवरचे विनोद. अधिकृत पानावर ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’ असं लिहिणारं कॉलेज आणि हे कॉलेज एकच आहे यावर विश्वास बसत नाही. फरक एवढाच की इथे मजकूर मंजुरीसाठी पाच टेबलांवरून जात नाही.

आणखी एक जग आहे, ज्याची अधिकृत दखल फक्त कारवाईपुरती घेतली जाते. नावाविना चालणारी मीम पानं, ‘कन्फेशन’ पानं, नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे टेलिग्राम चॅनेल. मीम पानांवर उपस्थितीच्या डिफॉल्टर लिस्टपासून कँटीनच्या वडापावापर्यंत सगळ्याची हजेरी घेतली जाते, आणि कॉलेजमध्ये नेमकं काय बिनसलंय याचा त्यापेक्षा चांगला अहवाल मिळणार नाही. कन्फेशन पानांचं तसं नाही. तिथे एखाद्या मुलीचं नाव न घेता तिचा वर्ग, तिचा ड्रेस आणि तिची लोकल सांगितली जाते. गंमत म्हणून सुरू झालेलं ते फार लवकर गंमत राहत नाही. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्यातून रात्री अनोळखी नंबरवरून ‘हाय’ येणं हा मुलींचा रोजचा अनुभव. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘कम्युनिटी’त सूचनांच्या ग्रुपवर नंबर झाकलेले राहतात. ही सोय 2022 पासून आहे आणि फुकट आहे. बहुतेक कॉलेजांनी ती वापरलेली नाही. अकरावीच्या वर्गात तर सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकाला बालक मानून पालकांची संमती आवश्यक धरली आहे. कॉलेजच्या पानावर हसणाऱ्या अकरावीतल्या मुलीच्या फोटोखाली तिचं नाव, वर्ग आणि टक्केवारी टाकताना ही आठवण कुणाला होते?

जुलै 2025 मध्ये अनुदान आयोगाने सीनियर विद्यार्थ्यांनी ज्युनियरना छळण्यासाठी काढलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे रॅगिंगच मानले जातील, असं संस्थांना बजावलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, पण तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वसतिगृहाची खोली होती. आता खोलीची गरज उरलेली नाही. रॅगिंगची तक्रार 1800-180-5522 या क्रमांकावर करता येते. हा क्रमांक कॉलेजच्या पानावर शोधून पाहा. प्रवेशाच्या चौकशीचा नंबर मात्र पहिल्या ओळीत असतो.

विद्यार्थ्यांनी बोलायचं कुठे, हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपच्या फार आधीचा. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. विद्यार्थी निवडणुकांतल्या अशा हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजमधल्या थेट निवडणुका थांबवल्या. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्या परत आणायची तरतूद झाली, पण मतदान काही होत नाही. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलांनी आपला प्रतिनिधी मत देऊन निवडलेला नाही, त्यांच्या आईवडिलांपैकीही पुष्कळांनी नाही. सीआर नेमला जातो, बहुधा गुणांवरून किंवा ‘तू हुशार आहेस, तू हो’ म्हणून. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवरच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये आयत्या वेळी स्थगित झाली, पुढच्या वर्षी पुन्हा थांबवली गेली, आणि उच्च न्यायालयात गेल्यावर 24 सप्टेंबर 2024 ला पार पडली. दहाही जागा युवा सेनेने जिंकल्या. सात जिल्ह्यांच्या विद्यापीठात त्या निवडणुकीला मतदार होते सुमारे 13 हजार. पनवेलमधल्या एखाद्या विनोदी रीलला यापेक्षा जास्त माणसं दुपारपर्यंत पाहून जातात.

2023 मध्ये आयोगाने विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे नियम आणले. प्रत्येक संस्थेत समिती, विद्यापीठात लोकपाल, तक्रारीसाठी ऑनलाइन सोय. कागदावर चांगली व्यवस्था आहे. पण समितीला अर्ज केला तर आपलं नाव लागतं, आणि ते नाव इंटर्नलचे गुण देणाऱ्या सरांपर्यंत जातं, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. मीम पानाला नाव लागत नाही.

उलट दिशेने, म्हणजे कॉलेजची नजर विद्यार्थ्याच्या खात्याकडे जाते तेव्हा काय होतं, ते मे 2025 मध्ये पुण्यात दिसलं. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत एका 19 वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची, सरकारवर टीका करणारी एक पोस्ट पुढे टाकली. थोड्याच वेळात तिने ती काढली, माफीही मागितली. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली, आणि परीक्षेच्या तोंडावर ती येरवड्याच्या तुरुंगात. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांच्या सुट्टीकालीन खंडपीठाने तिची सुटका करायला सांगितली, कॉलेजचा आदेश स्थगित केला, उरलेले पेपर देऊ दिले, आणि शासन व कॉलेज दोघांनाही खडे बोल सुनावले. त्यानंतर ‘विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर जपून वागावं’ अशा सूचना अनेक ग्रुपांवर फिरल्या. कॉलेजांनी कसं वागावं याची सूचना कुणी फिरवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग नीट चाललेलं काहीच नाही का? आहे, पण ते पोस्टरवर दिसत नाही. एखाद्या कॉलेजचे शिष्यवृत्ती विभागातले क्लार्क प्रवर्गानुसार ग्रुप काढून ठेवतात आणि कागद काय लागतील ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवतात, कारण वाडीवरच्या मुलीच्या आईला वाचता येत नाही, ऐकता येतं. एखाद्या एनएसएसच्या शिक्षिका शिबिराचे फोटो टाकतात ते पोरांना दाखवूनच, ‘हा नको मॅम’ म्हटलं की तो वगळतात. कुणी विभागप्रमुख आठवड्यातून एक तास ग्रुप मुद्दाम सर्वांसाठी खुला करतात. या गोष्टींना ना बजेट लागतं, ना चॅम्पियन. त्यांचा जिओटॅग फोटो निघत नाही, म्हणून नॅकच्या अहवालात त्या कुठल्या रकान्यात घालायच्या हेही कुणाला सुचत नाही.

तीन वर्षं संपली की अधिकृत ग्रुपवरून सगळे गळतात. वर्गाने स्वतः काढलेला जो दुसरा ग्रुप असतो, सर-मॅडम नसलेला, तो मात्र तगतो. ‘टीवायबीकॉम बी’ नावानेच तो पाच-सात वर्षं चालतो. त्यात जेएनपीएच्या परिसरातल्या लॉजिस्टिक्स कंपन्यांच्या नोकऱ्या येतात, लग्नपत्रिका येतात, कुणाच्या वडिलांसाठी रक्त लागतं. नॅकची तारीख जवळ आली की कॉलेजलाही या मुलांची आठवण होते. माजी विद्यार्थी संघटनेचा फॉर्म सीआरकडे येतो, आताच्या नव्हे, तेव्हाच्या. तो बिचारा नोकरीवरून सुटल्यावर लोकलमध्ये उभ्याउभ्या तो फॉर्म पुढे ढकलतो आणि खाली लिहितो, भरा रे सगळ्यांनी. मग कुणीतरी कॅनडाला निघालेली विचारते की ट्रान्स्क्रिप्टला किती दिवस लागतात. दहा मिनिटांत तिला अर्ज कुठे करायचा, मार्कशीटच्या किती प्रती, कुठल्या खिडकीवर कोण नीट बोलतं आणि जेवणाची सुट्टी किती वाजता होते ते सगळं कळतं.